नूरभाऊंच्या कमानीचे अकरा वेढे

माझं तोंड फटकळ आहे. कामशेतला बापाच्या तांदळाच्या दुकानात वाढले, तिथं मऊ बोलणाऱ्याच्या डोक्यावर गिऱ्हाईक मिऱ्या वाटतं. त्यामुळे सरूबाई कुणाचं कौतुक करायला बसली की ऐकणाऱ्याला आधी संशय येतो, हिचं काय काम अडलंय म्हणून. येऊ दे. नूरमहंमद पिंजाऱ्याबद्दल मी बोलणार म्हणजे बोलणार. त्या माणसाचे माझ्या घरावर उपकार आहेत, आणि उपकार नुसते पोटात ठेवायची मला सवय नाही.

लोणावळ्याहून कुसगावकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची चाळ. तिच्या शेवटच्या दोन खोल्यांपैकी एक आमची, एक नूरभाऊंची. मधली भिंत कुडाची, वरून शेणामाती लिंपलेली. त्यांच्या खोलीला लागून पत्र्याची पडवी, तिथं त्यांचं काम. इथल्या पावसात चार महिन्यांत गादीतला कापूस गोळा होऊन बसतो, कुबट वास मारतो. दसरा झाला की बंगलेवाले, हॉटेलवाले, गावातले सगळे गाद्या बाहेर काढतात. त्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, पुन्हा भरून शिवायच्या. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत नूरभाऊंना मान वर करायला फुरसत नसायची. बाकीचं वर्ष मग कसंबसं ढकलायचं.

ज्यांनी पिंजारी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. कमान असते पुरुषभर लांब, आढ्याला दोरीनं टांगलेली. तिला आतड्याची तात ताणून बांधलेली. डाव्या हातानं कमान धरायची, उजव्या हातात लाकडाची जाड मोगरी. तात कापसाला लावायची आणि मोगरीनं तिच्यावर ठोका द्यायचा. तात थरथरली की त्या थरथरीनं कापूस सुटतो, हवेत उडतो. सगळी करामत त्या थरथरीची. आवाज होतो टंग्, टंग्, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. रस्त्यावरून ऐकला तर बरा वाटतो. कुडाच्या भिंतीपलीकडून तो थेट दातांत शिरतो.

आता माझा नवरा. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं, पण ‘हे’ आणि ‘ते’ करत बसले तर कोण कुठला ते तुम्हाला कळायचं नाही, म्हणून गोष्टीपुरतं घेते. केरबा. कुरवंड्याचा. रेल्वेत गँगमन, घाटातल्या लायनीवर. पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात लायनीवर वरून एक दगड सुटला आणि केरबाच्या कानामागं बसला. दीड महिना तो दवाखान्यात होता. घरी आला तेव्हा स्वतःच्या पायानं आला, मला ओळखत होता, दोन भाकरी खात होता. मी म्हटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून जेवायची पितळी खाली पडली. केरबा बसल्या जागी ताठ झाला. दातखीळ बसली, डोळे वर गेले, हातापायाला झटके. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि ती पितळी तिथंच फिरून फिरून थांबली. त्या दिवसापासून मला कळलं की माझा नवरा घरी आलाय, पण पुरता आलेला नाही.

डॉक्टर म्हणाले, आत अजून सूज आहे. खणखणीत आवाज अजिबात नको. झटके वरचेवर येत राहिले तर माणूस हाताला लागणार नाही. आणि रेल्वेचा कागद आला तो वेगळाच. रजा मार्चअखेरपर्यंत. मग त्याला लायनीवर उभा करून बघणार. गाडीच्या भोंग्याला टिकला तर कामावर, नाही टिकला तर कायमचा घरी. केरबाला दुसरं कुठलं काम येत नव्हतं आणि शिकायचीही हौस नव्हती. वीस वर्षांचा असल्यापासून तो लायनीवर. झोपेत सुद्धा कुठली गाडी गेली ते सांगायचा.

म्हणून मी घरातला आवाज बंद केला. पितळ्या, तांबे, तवा सगळं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं. आम्ही पत्रावळीवर जेवायला लागलो. हातातल्या बांगड्या काढायच्या तर नव्हत्या, मग त्यांना चिंधी गुंडाळली. आणि मी, माझ्यासारखी बाई, घरात कुजबुजत बोलायला लागले. कोंबड्या पाळल्या होत्या, त्यातला कोंबडा मात्र विकून टाकला. त्याला कोण समजावणार?

एवढं करून दसरा उजाडला आणि दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडं सुरू झालं, टंग्, टंग्.

केरबाला दोन तासांत दोन झटके आले. दुसरा थांबला तेव्हा मी बादलीतलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं, उरलेली बादली उचलली आणि तशीच पडवीत गेले. काय बोलले ते आज सांगायला लाज वाटते. नूरभाऊंचं खानदान काढलं. ते कमान धरून उभेच. मग मी ती बादली त्यांच्यासमोरच्या पिंजलेल्या कापसावर ओतली. अख्ख्या सकाळचं काम होतं ते, ढगासारखं फुललेलं. एका क्षणात चिखल झाला.

नूरभाऊंनी त्या कापसाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मोगरी खुंटीला अडकवली. म्हणाले, “वैनी, केरबाला काय झालंय?” त्यांना दगड लागलेला ठाऊक होता, आवाजाचं ठाऊक नव्हतं. मी कुणाला सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला झटके येतात हे चाळीत कळलं की लोक काय काय बोलतील, म्हणून मीच तोंड शिवून बसले होते. ‘तुमच्या या टंग्‌नं झटके येतात त्याला’ एवढंच म्हणून मी परत आले. माफीबिफी मागितली नाही. तशी मी मागत नाही.

तीन दिवस पडवी गप्प होती. नूरभाऊ बाजारात दुसरी जागा शोधत फिरले. पण पिंजाऱ्याचं तूस उडतं, ते धान्यात पडतं, विडीची ठिणगी पडली तर पेट घेतं. कोण देणार जागा? चौथ्या दिवशी त्यांची बायको जाहिदा आमच्या दारात आली, हळूच. म्हणाली, “सरूताई, यांनी कमानीला कायतरी बांधलंय. एक ठोका देत्यात. तुमी केरबाभाऊंपाशी बसा. त्यांनी तोंड जरा जरी वाकडं केलं तर मला हात करा, मी दारात उभी ऱ्हाते.”

त्या दिवशी त्यांनी तातीच्या मधोमध फडकं गुंडाळलं होतं. आवाज गेला, पण कापूसच फडक्याला चिकटून त्याची वात झाली. दुसऱ्या दिवशी धनगराकडून लोकर आणून तिचे झुबके बांधले. तेच. तातीला मधे काही बांधलं की ती मरते, थरथरतच नाही, आणि थरथरली नाही तर कापूस सुटत नाही. मग ते सखारामच्या सायकलच्या दुकानात गेले आणि फाटकी ट्यूब मागितली. सखाराम मस्करीखोर. सगळ्या बाजारासमोर म्हणाला, “आजपर्यंत पिंजारी कमान वाजती करत आला, हा मुकी करायला निघालाय. उद्या घोड्याचे पाय बांधून टांगा हाकशील काय रे?” नूरभाऊ हसले आणि ट्यूब घेऊन आले.

ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून त्यांनी ती तातीच्या टोकाशी, जिथं ती लाकडावर चढते तिथं गुंडाळली. एक वेढा, दोन वेढे. प्रत्येक वेढ्याला एक ठोका द्यायचा, जाहिदानं दारातून माझ्याकडं बघायचं, मी केरबाकडं. चार वेढ्यांना त्याची मूठ वळली. सहाला कपाळाला आठी. अकराव्या वेढ्याला आवाज आला तो नुसता धप्, कुणी उशी आपटल्यासारखा. केरबा भाकरी खात होता तो खात राहिला. मी जाहिदाला मान हलवली आणि तिथंच दारात बसून रडले, आवाज न करता.

पण कापूस? तो सुटायचा, नाही असं नाही. जिथं एक ठोका पुरायचा तिथं तीन लागायचे. एका गादीला दीड दिवस. बाजारात लोक त्यांना विचारायचे, काय रे नूरमहंमद, त्या रबराचा काही उपयोग आहे का? ते सांगायचे, “कापसाला न्हाई, केरबाला हाय.” एवढं एकच उत्तर, सगळ्यांना.

आणखी एक घोटाळा झाला, तो माझ्या किंवा नूरभाऊंच्या ध्यानात आला नव्हता. पिंजारी काही दारोदार ओरडत नाही. त्याच्या तातीचा आवाज हीच त्याची हाळी. बंगल्यावरच्या बाया तो आवाज ऐकून गडी पाठवायच्या, गाद्या घेऊन जा म्हणून. त्या वर्षी आवाजच नाही. लोकांना वाटलं नूरमहंमद गावाला गेला किंवा आजारी पडला. दिवाळी झाली तरी पडवीत दोनच गाद्या.

मी केरबाच्या अर्ध्या पगाराला जोड म्हणून बंगल्याबंगल्यांतून अंडी विकायची. घरात सगळा जीव कोंडलेला असायचा, तो रस्त्यावर मोकळा करायचा. मग मी हाळी बदलली. “अंडी घ्या, गावठी अंडी, आणि गाद्या पिंजून घ्या, नूरमहंमद पिंजारी आहे, कुठंही गेला नाही.” एका बंगल्यावरचा स्वयंपाकी मला म्हणाला, “बाई, नक्की काय विकता तुम्ही?” मी म्हटलं, “अंडी डोक्यावर, गाद्या तोंडात. तुला काय पाहिजे ते सांग.” त्यानं चार गाद्या दिल्या. आणखी पंधरा दिवसांत पडवी आढ्यापर्यंत भरली. नूरभाऊंनी मला कधी म्हटलं नाही की वैनी, तुम्ही बरं केलंत. मी पण त्यांना काही म्हटलं नाही. आमचं तसंच चाललं होतं.

नाताळच्या सुमाराला डॉक्टरांनी केरबाला तपासलं. आतली सूज उतरली होती. म्हणाले, “जखम बरी झाली आहे. आता राहिली आहे ती धास्ती. आवाज येणार म्हटलं की शरीर आधीच घाबरतं. त्याला माझ्याकडे औषध नाही.” मी विचारलं, मग मार्चमध्ये? त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

मी हे जाहिदाला सांगितलं, जाहिदानं नूरभाऊंना. दोन दिवसांनी नूरभाऊ माझ्या अंड्यांच्या टोपलीबरोबर रस्त्यापर्यंत चालत आले. म्हणाले, “वैनी, एक चूक झाली माझ्याकडनं. मागल्या आठवड्यात रबराचा एक वेढा ढिला पडला व्हता. मला कळलंच न्हाई. दिसभर तसंच पिंजलं. आवाज जरा चढला आसंल. केरबाला काय झालं का?”

मी आठवलं. काहीच झालं नव्हतं.

“मग आसं करू,” ते म्हणाले. “दर शुक्रवारी नमाज पडून आलो की येक वेढा काढतो. आठवडाभर तसंच ठेवतो. त्याच्या कानाला सवय झाली की पुढचा. त्याला सांगायचं न्हाई. सांगितलं की तो वाट बघंल, आन वाट बघितली की घाबरंल.”

माझा जीव तयार होईना. मी म्हटलं, “नूरभाऊ, हे काय कापूस पिंजणं आहे? माणूस आहे तो.” ते म्हणाले, “म्हनून तर हळू करायचं म्हंतोय.” मी दिवसभर भांडले, आधी त्यांच्याशी, मग मनात माझ्याशीच. संध्याकाळी हो म्हटलं. दुसरा उपाय कुठं होता?

संक्रांतीच्या आधीच्या शुक्रवारी पहिला वेढा निघाला. मी केरबाजवळ तांदूळ निवडत बसले. कसले तांदूळ नि कसलं काय, सगळं लक्ष त्याच्या बोटांवर. काही नाही. दुसरा शुक्रवार, काही नाही. तिसरा, चौथा. धप्‌चा ढब् झाला, ढब्‌मध्ये हळूहळू एक धार यायला लागली. त्यातच रोजे सुरू झाले. नूरभाऊ दिवसभर पाण्याचा थेंब न घेता ठोकत होते, एकाच्या जागी अजून दोन तरी ठोके लागतच होते. भिंतीतून त्यांचं धापणं ऐकू यायचं. मला वाटायचं, उपास आहे, दमत असतील.

सातव्या शुक्रवारी केरबाला झटका आला. मोठा नव्हता, पण आला. मी त्याला आडवं केलं आणि पुन्हा तशीच पडवीकडं धावले, या वेळी बादली नव्हती एवढंच. जाऊन बघते तर नूरभाऊ खाली बसून सातवा वेढा परत गुंडाळत होते. त्यांना भिंतीतून कळलं होतं. त्यांची बोटं इतकी थरथरत होती की रबर हातातून सुटत होतं. मला शिव्या द्यायच्या होत्या, त्या विसरले. मी म्हटलं, “बास झालं. आता काढायचे नाहीत. राहू देत नोकरी. आहे तसा जिवंत असू दे.” ते म्हणाले, “व्हय वैनी. न्हाई काढत.”

रात्री जेवताना केरबा म्हणाला, “आज त्यांनी परत गुंडाळलं व्हय?”

“काय गुंडाळलं?” मी म्हटलं.

“मला ठावं हाय,” तो म्हणाला. “तिसऱ्या शुक्रवारपासनं ठावं हाय. कान माझा हाय का तुमचा? मी मोजतोय. सात झाले. त्यांना म्हनावं, आठ दिस हेच ठेवा, मग सातवा काढा. पन सोडू नका.”

“झटका आला तर?”

“येऊ दे. मला लायनीवर जायचंय, सरू.”

दीड महिना मी आणि नूरभाऊ मिळून ज्याच्यापासून लपवत होतो, तो आमच्यापासून लपवत बसला होता, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मी उठून तोंड धुतलं आणि नूरभाऊंना निरोप दिला.

पुढच्या शुक्रवारी सातवा निघाला. केरबा स्वतः भिंतीला पाठ लावून बसला, डोळे मिटून. घाम आला, मूठ वळली, पण बसला. त्याच आठवड्यात ईद झाली होती, जाहिदानं वाटीभर शिरखुर्मा पाठवला. आठवा, नववा, दहावा. शिमग्याला पोरं बोंबलत गेली तरी केरबा दारात उभा. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी अकरावा वेढा निघाला आणि सहा महिन्यांनी आमच्या भिंतीतून तो जुना आवाज आला, टंग्, टंग्, टंग्. मला आयुष्यात कुठल्या आवाजानं इतकं बरं वाटलं नाही. मी माळ्यावरून पितळ्या खाली काढल्या.

पुढच्या गुरुवारी रेल्वेचे डॉक्टर आणि एक साहेब केरबाला लायनीवर घेऊन गेले. बायामाणसांना तिथं कोण जाऊ देतंय? मी फाटकाजवळ टोपली घेऊन उभी राहिले, जशी अंडीच विकायला आले. थोड्या वेळानं बघते तर नूरभाऊ पलीकडच्या अंगाला उभे. काम सोडून आले होते. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

खालून घाट चढून मालगाडी आली. पुढं इंजिन, मागं ढकलायला इंजिन. फाटकाच्या अलीकडं भोंगा दिला तो असा की मीच टोपली घट्ट धरली. केरबा लायनीपासून चार पावलांवर, हातात हिरवी झेंडी. भोंग्याला त्याचे खांदे वर गेले. झेंडीचं टोक हलायला लागलं. मी मनात म्हणत होते, हे अकरावं आहे, अकराच होते, याच्या पुढं काही नाही. डबे जात राहिले, एक एक करून, खडखडत. झेंडी हलायची थांबली. शेवटचा डबा गेल्यावर केरबानं मागच्या गार्डला हात केला, रोज करायचा तसा.

साहेबांनी कागदावर सही केली. मी नूरभाऊंकडं बघितलं तर ते खाली बसले होते, तोंडावर रुमाल धरून.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून पेढे आणले आणि चाळीत सगळ्यांच्या आधी नूरभाऊंच्या दारात गेले. मनाशी ठरवलं होतं की आज त्या बादलीची माफी मागायची, मागायचीच. पेढा पुढं केला आणि नूरभाऊंनी तो डाव्या हातानं घेतला.

माझं डोकं फिरलं. शुभाचा पेढा, तोही डाव्या हातानं? म्हटलं इतके दिवस मनात धरून बसला होता म्हणायचा हा माणूस. माफी राहिली बाजूला, तोंडातून निघालं, “नूरभाऊ, पेढा देतेय मी, जोडा नाही. उजवा हात काय खिशात विसरलात?”

ते नुसते हसले. जाहिदा मात्र आतून आली. “सरूताई, उजवा हात उचलत न्हाई त्यांचा,” ती म्हणाली. नूरभाऊ म्हणाले, “गप ग.” ती म्हणाली, “आता गप ऱ्हायची न्हाई. गप ऱ्हाऊन झालं. रोज्यांपासनं खांदा गेलाय. येकाच्या जागी तीन-तीन ठोके, चार-पाच महिने. हात तोंडापत्तुर जात न्हाई, रोजा सोडताना घास मी भरवायची. महिनाभर ते डाव्या हातानं ठोकत्यात आन कमान मी धरते. हाडवैद्य म्हनला, ह्यो खांदा आता परत यायचा न्हाई.”

भिंतीतून ऐकू यायचं ते धापणं उपासाचं नव्हतं.

मी तिथंच उंबऱ्यात बसले. माफी मागायला आले होते बादलीभर पाण्याची, आणि समोर हे. मी म्हटलं, “मला का नाही सांगितलंत? मीच थांबवलं असतं.” नूरभाऊ म्हणाले, “म्हनून तर न्हाई सांगितलं. पेढा चांगला हाय, वैनी. जाहिदाला पन द्या.” मी त्यांचे पाय धरले. हो, मी, सरूबाई. ते मागं सरकत राहिले, नको नको म्हणत, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाची रडून, नीट शब्दांत माफी मागितली. पाण्याची, शिव्यांची आणि त्या डाव्या हाताच्या बोलण्याची.

रात्री केरबाला सांगितलं. तो ताटावरून उठला, भिंतीला हात लावून थोडा वेळ उभा राहिला आणि झोपला. त्या आठवड्यात तो रोज लायनीवर गेला, रोज परत आला. जेवायचा, झोपायचा. मला वाटलं विसरला, आणि मी त्याच्यावर मनातल्या मनात चिडून होते.

रविवारी त्याची सुटी. सकाळी चहा घेतला, सदरा काढून खुंटीला अडकवला, डोक्याला फडकं बांधलं आणि पडवीत गेला. मी मागोमाग. जाहिदा कमान धरून होती. केरबा तिला म्हणाला, “भाभी, तुमी आत जावा.” मग नूरभाऊंच्या डाव्या हातातली मोगरी काढून घेतली. “कमान तुमी धरा. ठोके मी देतो. सुटीच्या दिशी मी, आन रोज कामावरनं आलो की अंधार पडंपत्तुर मी.”

“आरं पन तुजा कान,” नूरभाऊ म्हणाले. “तात कानापाशी येती. भिंतीपलीकडचं येगळं.”

“धरा तुमी.”

नूरभाऊंनी डाव्या हातानं कमान धरली, तात कापसाला लावली. केरबानं ठोका दिला. टंग् असा आवाज निघाला की पत्रा घुमला, आणि तो माझ्या नवऱ्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. कापूस काही उडाला नाही, ठोका वाकडा बसला होता. नूरभाऊंचं कापसाकडं लक्षच नव्हतं. ते केरबाच्या तोंडाकडं बघत होते, डोळे मोठे करून, श्वास धरून. दुसरा ठोका. तिसरा. तरी ते त्याच्या तोंडाकडंच बघत होते.

केरबानं मोगरी थांबवली.

“कापसाकडं बघा, नूरभाऊ,” तो म्हणाला. “मी बरा हाय.”

नूरभाऊंनी मान हलवली आणि कापसाकडं बघितलं. चौथ्या ठोक्याला तो उडाला.